वासाची वही ठेवतोय, पण आमच्या नाकाला पुरावा कोण मानणार?

खाडीकाठची

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदराचं शहर आमचं. तोंडात अजून ‘गाव’च येतं, पण नगरपरिषद आहे, घरपट्टी आहे, आणि ग्रामसभा नाही. म्हणजे खेड्यातल्या बायका निदान ग्रामसभेत उभ्या राहून बोलतात, आम्हाला तीही जागा नाही. वस्ती खाडीला चिकटून. पाठीमागे चढ, चढावर कातळाचा सडा आणि सड्यावर औद्योगिक वसाहत. साधारण 140 घरं. वरच्या अंगाला खारवी आणि भंडारी, पलीकडे दालदी मच्छीमारांचा मोहल्ला, आणि वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने पत्र्याच्या खोल्या. त्यांत विजापूरकडचे गवंडी आणि बोटींवरचे नेपाळी खलाशी भाड्याने राहतात. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते आणि बचत गटाची सचिव आहे. एवढीच माझी पदवी.

सड्यावर फिशमिलचा कारखाना आहे. माहीत नसलेल्यांसाठी सांगते. ट्रॉलरच्या जाळ्यात जी बारीकसारीक, चेंगरलेली, माणसाच्या ताटात न जाणारी मासळी येते ती टेम्पोत भरून तिथे नेतात. वाफेवर शिजवतात, पिळून तेल आणि पाणी काढतात, उरलेला चोथा ड्रायरमध्ये सुकवून भुकटी करतात. कोंबड्यांच्या नि कोळंबीच्या खाद्यात ती जाते. धंदा वाईट नाही. पण ड्रायरची वाफ धुऊन बाहेर सोडायची असते आणि पिळलेलं पाणी साफ करून सोडायचं असतं. दिवसा ते होत असेलही. रात्री होत नाही.

आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, दिवसा खारा वारा, समुद्राकडून जमिनीकडे. रात्री मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे दिवसाचा वास सड्यापलीकडच्या रानात जातो आणि रात्री अकराच्या पुढे तोच उतारावरून घरंगळत आमच्या उशाशी येतो. पोरं झोपेतून उठून खोकतात. शेजारणीचा सहा वर्षांचा मुलगा उलटी करतो आणि पुन्हा झोपतो, सकाळी त्याला आठवतही नाही. आणि तपासणीला माणसं येतात ती दुपारी साडेबाराला.

गेल्या वर्षी असेच एक साहेब आले होते. कुठल्या कार्यालयाचे ते लिहीत नाही. मला म्हणाले, “बाई, मासेवाल्यांची वस्ती ही. वास असायचाच. तुम्हाला तर सवय असेल.”

तेव्हा काही बोलले नाही, लग्नसराईच्या ऑर्डरी डोक्यात होत्या. रात्री मात्र अंथरुणावर पडून तोच शब्द. सवय! माझी सासू पंचेचाळीस वर्षं लिलावात मासळी घेत आली. पापलेटचा कल्ला उघडून नाकाजवळ नेते आणि सांगते, ही आजची, ही काल संध्याकाळची, हिला बर्फ उशिरा लागला. तिचे पैसे तिच्या नाकावर लागलेले असतात, चुकली तर दिवस बुडाला. सुकटाचा वास वेगळा, ओल्या बोंबलाचा वेगळा, खारवलेल्या सुरमईचा वेगळा, जाळं वाळत घातल्यावरचा वेगळा. सड्यावरून येतो तो यातला एकही नाही. तो शिजवलेल्या कुजक्याचा आहे, घशाला धरतो. मागून कधीकधी सडक्या अंड्याचा येतो. ज्यांचं पोटच नाकावर चालतं त्यांना सांगायचं, तुमच्या नाकाला सवय झाली!

म्हणून दिवाळीनंतर वही घातली. दोनशे पानी. रकाने सासूने सांगितले, मी आखले. तारीख, वास कधी सुरू, कधी बंद, वारा कुठून, वास कसला, कोणाला काय झालं, कोणी लिहिलं. वाऱ्यासाठी गच्चीवर बांबूला कापडाची पट्टी बांधली. आधी पॉपलिनची बांधली होती, ती दव पडलं की जड होऊन लोंबते. मग अस्तराची बांधली, ती हलते. ‘घाण वास’ असं लिहायचं नाही असा नियम केला, कारण घाण म्हणजे काहीच नाही. शिजलेला, जळका, अंड्याचा, बर्फाच्या कारखान्यासारखा, असं लिहायचं. पाच घरं पाळीपाळीने लिहितात. मोहल्ल्यातल्या एक आपा आहेत, त्यांची नोंद सगळ्यांत नेमकी, फजरच्या नमाजाला पहाटे उठतात त्यामुळे वास कधी थांबला ते त्यांनाच कळतं. दोन महिने झाले. वास आलेल्या रात्री पट्टी जवळजवळ दर वेळी खाडीकडे उडत होती.

घोडं अडलंय ते सह्यांवर. अर्ज लिहिला, घरोघर फिरले. पहिल्या दिवशी साठेक झाल्या. वस्तीतल्या तीसेक बायका त्याच मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जातात. दुसऱ्या दिवशी मुकादम टेबलापाशी येऊन म्हणाला, “अर्जावर जिचं नाव दिसेल तिने उद्यापासून घरीच कोळंबी सोलावी.” संध्याकाळी चौघी आल्या. ताई, आमची सही खोड. खोडली. त्यांच्यासमोर, आडवी रेघ मारून. वाईट वाटलं, पण त्या चुकल्या असं मला अजूनही वाटत नाही.

तर विचारायचं असं, की ही वही कुठे उभी राहते का? आणि ज्यांना सही करता येत नाही त्यांना मागे न टाकता पुढे कसं जायचं? कृपा करून ‘कंपनी बंद पाडा’ कोणी लिहू नका. बंद पडली तर पहिल्या घरी बसणार त्या आमच्याच.

दहा-बाराचा पाना

ताई, मी दुसऱ्या एका वसाहतीत मेंटेनन्सला आहे. मासळीचा नाही, केमिकलचा प्लँट. कुठला ते विचारू नका.

मतलईचं तुम्ही बरोबर पकडलंत, पण तेवढंच नाही. ड्रायरची वाफ ज्या स्क्रबरमधून, म्हणजे वाफ धुण्याच्या यंत्रातून, जाते त्यात पाणी फिरवायला पंप लागतो, वाफ ओढायला पंखा लागतो. दोन्ही वीज खातात. पंप बंद ठेवला तरी भुकटी तेवढीच निघते, बिल मात्र कमी येतं. रात्रपाळीला विचारणारं कोण असतं? आणि पंप बिघडला तर सुट्या भागासाठी चार दिवस थांबतात, ड्रायर काही थांबत नाही. दुसरं कारण माल. बिनबर्फाची मासळी अंगणात ढीग घालून पडली की शिजवताना वास दुप्पट.

कामाची गोष्ट ऐका. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला जे संमतीपत्र देतं त्यात एक अट हमखास असते. सांडपाण्याच्या आणि हवेच्या यंत्रणेला विजेचा वेगळा मीटर बसवायचा आणि त्याची नोंद ठेवायची. ती नोंदवही मागा. वासाच्या तारखांचे युनिट आणि बिनवासाच्या तारखांचे युनिट शेजारी ठेवा. महिनाभर रोज एकसारखेच आकडे दिसले तर समजा एका बैठकीत, एका पेनाने भरलेली वही आहे. तेही तुमच्या कामाचंच.

सडक्या अंड्याचा जो वास लिहिलात तो हलक्यात घेऊ नका. तो हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या पाण्याच्या टाकीत तयार होतो, हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. थोडा असला की नाकाला लगेच कळतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं वास गेला, आणि तो टाकीत आणखी खाली उतरतो. एक पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. तुमच्या वस्तीतली पोरं टाकी धुवायला रोजाने जात असतील तर आजच सांगा, गॅस मोजायचं यंत्र, कमरेला दोरी आणि वर उभा माणूस नसेल तर उतरायचं नाही. हेही अर्जात घाला. नुसता वस्तीचा वास लिहिलात तर आतला कामगार तुम्हाला शत्रू समजेल. त्याचा जीव लिहिलात तर तोच तुम्हाला पंप कधी बंद होता ते येऊन सांगेल.

वेंगुर्लेकरीण

गो बाय, तुझ्या सासूक माझो नमस्कार सांग. उभो जन्म नाकार काढल्यान बायन, आणि सायब तिका सवय शिकयता!

सही घेवक फिरतंस ता बंद कर. आमच्याकडे नळाच्या पाण्याचा भांडाण होता तेव्हा आमी सही मागूक गेलांवच नाय. हळदीकुंकवाक बोलयलांव. संक्रांतीचा वाण म्हणान प्रत्येकीक एक पेन दिलांव आणि म्हटलांव, पाणी कधी येता ता भिंतीरल्या कालनिर्णयार लिही. येळ लिहूक येत नाय तिणा फुली मारूची. कालनिर्णय सगळ्यांच्या घरात आसता. मुकादम भिंत बघूक खय येतलो?

काळा कोट

वेंगुर्लेकरीणबाईंचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा चांगला आहे, तरी माझंही ऐका.

वही चालते. एकटी चालत नाही, पण चालते. पानांना क्रमांक घाला. पान फाडायचं नाही, खाडाखोडीला पांढरा रंग लावायचा नाही. तुम्ही आडवी रेघ मारलीत तेच योग्य. आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला त्या महिन्याच्या पानांची झेरॉक्स एका साध्या पत्रासोबत मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्या शिक्क्याने तुमच्या वहीला तारीख मिळते. उद्या कोणी म्हणालं हे सगळं मागाहून लिहिलं, तर शिक्का बोलेल.

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द ही मर्यादा आहे, म्हणून संमतीपत्राचा अर्ज वेगळा, मीटरच्या नोंदींचा वेगळा, नमुने तपासणीच्या अहवालांचा वेगळा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, 20 रुपये. भाषण लिहू नका अर्जात. आमच्या पक्षकारांना एवढी एकच गोष्ट शिकवता शिकवता माझे केस गेले.

ग्रामसभा नाही म्हणून हताश होऊ नका. रतलाममधल्या एका वॉर्डातल्या लोकांकडेही नव्हती. उघडी गटारं आणि त्यात दारूच्या कारखान्याचं सांडपाणी. ते दंडाधिकाऱ्याकडे गेले, सार्वजनिक उपद्रव म्हणून, फौजदारी संहितेच्या कलम 133 खाली. नगरपालिका सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली, पैसे नाहीत म्हणाली. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब मानली नाही. तेच कलम आता नव्या संहितेत 152 आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या दारात जायला पुण्या-मुंबईची एसटी पकडावी लागत नाही.

हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण, त्यापुढचा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध तिथे 2016 मध्ये गेली ती मच्छीमारांचीच संघटना होती, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. पण सहा महिन्यांची मुदत असते, तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. भरपाई मागायची तर पाच वर्षं. तेव्हा फार रेंगाळू नका. वकिलाचा खर्च मनातून काढा. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

सह्यांचं म्हणाल तर 5 पुरेत. ज्यांचं पोट त्या मालकावर नाही अशा पाच. कोर्ट सह्या मोजत नाही.

खाडीकाठची

किती जणांनी लिहिलंत! पाना भाऊ, टाकीचं वाचून अंगावर काटा आला. खालच्या खोल्यांमधली दोन नेपाळी पोरं गेल्या आठवड्यात तिथे धुवायला गेली होती, रोज चांगला मिळाला म्हणून खूश होती. आज संध्याकाळी त्यांना बसवून सांगितलं. त्यातला धाकटा म्हणाला, दीदी, उतरल्यावर पहिल्यांदा वास आला, मग नाही आला. मी काही बोलले नाही, पण माझ्या हातातली सुई थांबली.

बोटवाला

राग येईल, तरी लिहितो. माझे दोन ट्रॉलर आहेत. तुम्ही ज्याला चेंगरलेली मासळी म्हणता तिच्यावर माझं डिझेल निघतं. पूर्वी हीच मासळी किनाऱ्यावर खतासाठी सुकत टाकायचे, तेव्हा वास नव्हता? तेव्हा कोणी वही घातली नाही. शहरात राहायचं, फ्रीझरची कोळंबी सोलून पैसे घ्यायचे आणि कारखाना नको. आणि वस्ती तरी किती अधिकृत आहे?

एक पैज लावतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पूर्ण 61 दिवस. तेव्हाही वास आला तर तो माझ्या मासळीचा नाही, वहाळाच्या कचऱ्याचा आहे हे कबूल करा.

खाडीकाठची

दादा, रागावले नाही. कारखाना नको असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. पंप चालू ठेवा एवढंच म्हणते.

किनाऱ्यावर सुकायचं ते उन्हात सुकायचं, आणि वारा बघून टाकायची माझी आजेसासू. लोकांच्या दाराकडे वारा असेल तर टाकायची नाही, ही रीत होती. रात्री दोनला बॉयलरवर शिजवायची रीत नव्हती.

अधिकृतचं म्हणाल तर आमच्या घराची घरपट्टीची पावती माझ्या सासऱ्यांच्या नावाची आहे, वसाहतीची पाटी लागायच्या आधीची. पण पत्र्याच्या खोल्यांमधल्या माणसांकडे पावती नाही. त्यांची फुप्फुसं अनधिकृत धरायची का?

पैज मात्र घेतली.

बोटवाला

बरं. रीतीचं माझी आईपण सांगायची. बर्फाचं त्या पानावाल्याने लिहिलंय ते खरं आहे. या मासळीला आम्ही बर्फ लावत नाही, दरच मिळत नाही तेवढा. किलोमागे रुपया वाढवून दिला तर लावू. हे तुम्ही नाही, आम्हीच मागायला हवं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढतो. शब्द देत नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

बोटवाल्यांची पैज ऐकायला छान आहे, पण ताई, त्यात फसाल. जून-जुलैत नैऋत्येचा वारा रात्रंदिवस, तुमची मतलई त्यात कुठे टिकते? वास थांबला तर मासळी नव्हती म्हणून थांबला की वारा फिरला म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय पावसात दमा आणि सर्दी तशीही वाढते. समोरचा वकील पाच मिनिटांत तुमची तुलना मोडेल.

त्यापेक्षा असे दिवस शोधा, जेव्हा वारा तोच आहे आणि बोटी बंद आहेत. शिमगा! आमच्या नोकरीच्या काळात शिमग्याला बंदर ओस पडायचं. तुमच्याकडेही पडत असेल. त्याच्या आधीचा आठवडा, शिमग्याचे दिवस आणि नंतरचा आठवडा, तिन्ही सलग लिहा. एक रात्र चुकवू नका.

आजाराचा रकाना मला पटला नाही, स्पष्ट सांगतो. ‘कोणाला काय झालं’ असं मोकळं विचारलं की वासाच्या रात्री लोक सगळं सांगतात आणि बाकीच्या रात्री काहीच सांगत नाहीत. तीनच गोष्टी विचारा. रात्री खोकल्याने जाग आली का, डोळे चुरचुरले का, मळमळ किंवा उलटी झाली का. ठरलेल्या दहा घरांत, रोज. वास नसलेल्या रात्रीही विचारा, तोच तुमचा खरा पुरावा. जमलं तर खाडीपलीकडच्या, वारा न लागणाऱ्या पाच घरांतही. दमा लिहू नका, कॅन्सर तर मुळीच लिहू नका. ते आमचं काम. दमेकरी मुलांसाठी फुंकून मोजायची प्लास्टिकची नळी औषधाच्या दुकानात मिळते, काही शे रुपयांत. सकाळ-रात्र फुंकायची आणि आकडा लिहायचा.

विहिरीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सडा जांभ्याचा आहे ना? जांभा म्हणजे भोकं आणि भेगा. वर खड्ड्यात ओतलेलं पाणी आठ दिवसांत खालच्या झऱ्याला लागू शकतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत विहिरीचं पाणी द्या. पिण्याच्या पाण्याचा सामू (पीएच) 6.5 ते 8.5 मध्ये असावा, विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असलेले बरे. उन्हाळ्यात खाडीचं खारं पाणी विहिरीत शिरतं त्यानेही क्षार वाढतात, म्हणून आत्ता एकदा आणि मे महिन्यात एकदा. दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा.

चेंबूरचा चाकरमानी

मूळ गाव गुहागर. तीस वर्षं चेंबूरला, तेलशुद्धीकरण कारखान्यांना चिकटलेलं माहुल माझ्या खिडकीतून दिसतं.

‘नाकाचा पुरावा’ म्हणून हसणाऱ्यांना सांगा. माहुल आणि आंबापाड्यात 2013 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने पाहणी केली ती घरोघर माणसांना विचारूनच. 67.1 टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. 2015 मध्ये हरित लवादाने तिथल्या हवेचा धोका मान्य केला तेव्हा ती पाहणी समोर होती. आणि तरीही 2017 नंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून माणसं त्याच माहुलला पाठवली. लोक विद्याविहारला रस्त्यावर येऊन बसले, पावसात, परीक्षेच्या दिवसांत. 2019 मध्ये हायकोर्टाने सांगितलं, दुसरं घर द्या नाहीतर महिन्याला 15,000 रुपये भाडं आणि 45,000 अनामत. कागदावरचा निकाल पोटात पडायला किती काळ लागतो ते वेगळं. मी पाहिलं ते एवढंच, की इमारतवार याद्या ज्यांच्या तयार होत्या त्यांचं ऐकलं गेलं. तुमची 140 घरांची यादी आहे का? भाडेकरूंसकट?

आणखी एक. तामिळनाडूत कडलूरला सिपकॉट या औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी 2004 च्या सुमाराला हेच केलं होतं. वास ओळखून नोंदवायचं प्रशिक्षण घेतलं आणि बादलीत बसवलेल्या पिशवीत हवा भरून ती प्रयोगशाळेत पाठवली. वासाला नाव देता आलं की कुठला वायू शोधायचा ते प्रयोगशाळेला सांगता येतं. म्हणजे तुमच्या सासूबाई जे लिलावात करतात तेच.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत 2017 च्या ऑगस्टमध्ये कारखान्याच्या रंगाने कुत्रे निळे झाले तेव्हा देशभर फोटो फिरले आणि कारवाईही झाली. माणसं निळी पडत नाहीत ही आपली अडचण.

खाडीकाठची

चाकरमानी भाऊ, भाडेकरूंची यादी नाही. लाज वाटली वाचून. 140 म्हणजे मी घरपट्टीची घरं मोजली होती. काल संध्याकाळी वहाळाच्या कडेने फिरले तर आणखी 37 खोल्या निघाल्या, आणि उतारावरून वास आधी त्यांच्याकडेच येतो. मतलई वहाळाच्या घळीतूनच उतरते. दोन महिने मी गच्चीवर पट्टी लावून बसले आणि जिथे सगळ्यांत आधी पोचतो तिथे विचारलंच नाही. तिथल्या एका विजापूरकडच्या बाईने कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि नाक-डोळे दोन्ही हातांनी झाकून दाखवले. तिचा मुलगा आमच्या शाळेत आहे, त्याने मराठी केलं. “आई म्हणते, आम्ही रात्री ओलं फडकं बांधून झोपतो.” आता सहावं घर तिचं. ती फुली मारणार, मुलगा वेळ लिहिणार.

डॉक्टरसाहेब, रकाना बदलला. तीन प्रश्न, दहा घरं. सासूला सांगितलं की बिनवासाच्या रात्रीही विचारायचंय, तर म्हणाली, “मग काय? ताजी मासळी हुंगल्याशिवाय शिळी कळते होय?” शिमग्याचं पक्कं. आमच्याकडे पालखी घरी आली की बोटीकडे कोणी फिरकत नाही.

वेंगुर्ल्याच्या काकी, तुमच्या वाणाने सगळं सोपं झालं. शुक्रवारी हळदीकुंकू ठेवलंय. मोहल्ल्यातल्या बायका येतात दर वर्षी, कुंकू लावत नाहीत, तिळगूळ आणि वाण घेतात. कोळंबी सोलणाऱ्या तीसही येणार. ज्या चौघींनी सही खोडायला सांगितली त्यांतली एक आजच येऊन विचारून गेली, नुसती फुली मारली तर नाव लागत नाही ना गो? म्हटलं, नाही लागत. जाताना म्हणाली, पंप कोण बंद करतो ते माझ्या दिराला ठाऊक आहे, पण तो आत्ता बोलायचा नाही. मी म्हटलं, असू दे.

अर्जाच्या पाच सह्या ठरल्या. मी, सासू, आपा, पिठाच्या गिरणीवाल्या वहिनी आणि एक निवृत्त बालवाडी बाई. टाकीत उतरणाऱ्यांचा मुद्दा पहिला घातला, वासाचा दुसरा.

काळा कोटसाहेब, एक राहिलं. पन्नास पेनं घाऊक घ्यायची आहेत उद्या. जेलची घेऊ की साधी? जेल दिसायला बरी दिसतात वाणाला.

काळा कोट

साधी बॉलपेन, निळी. जेल पावसात पसरतं. आणि 50 नका घेऊ, त्या 37 खोल्या मोजल्यात का?

खाडीकाठची

नव्हत्या मोजल्या. शंभर घेते.